चेटकिणीच्या तोंडी

माझं काम काय, असं कोणी विचारलं की मी "अनुवाद करते" एवढंच सांगते. विचारणारा मराठी असला तर त्याच्या डोळ्यांपुढे लगेच एखादी जाडजूड कादंबरी उभी राहते, आणि मी ती राहू देते. खरं सांगायची छाती होत नाही. खरं हे, की गेल्या वर्षी ऑगस्ट-सप्टेंबरात हॉलंडात रायस्वाइकमधल्या माझ्या चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये बसून मी हॅलोविनवरचे अकरा चावट विनोदी सिनेमे मराठीत आणले. चित्राच्या तळाशी ज्या दोन ओळी उमटतात ना, त्या माझ्या.

हे काम मी भर दिवसा खिडकीचे पडदे ओढून करायचे. आमच्या इमारतीत सगळ्यांच्या दारांवरून एकच लांब सज्जा जातो आणि माझं टेबल त्या सज्ज्याकडच्या खिडकीशी आहे. शेजारच्या डच आजी दिवसातून चार वेळा कुत्रा घेऊन तिथून जातात आणि जाता जाता आत बघून हात हलवतात. त्यांनी हात हलवावा आणि नेमकी त्याच वेळी माझ्या स्क्रीनवर उघड्या पाठीची नर्स भोपळ्याला मिठी मारत असावी, हे मला परवडणारं नव्हतं. पण या देशात दिवसा पडदे ओढणं हीच मुळात संशयाची गोष्ट. तिसऱ्या दिवशी आजींनी बेल वाजवून विचारलं, सगळं ठीक आहे ना? मी म्हटलं, डोकं दुखतंय. पुढे दोन महिने त्या भेटतील तिथे माझ्या डोक्याची चौकशी करत होत्या.

सिनेमे एका ॲपने घाऊक उचलले होते. "फक्त प्रौढांसाठी" असा शिक्का, आणि प्रौढांनी खरं तर पाच मिनिटांत उठून जावं असा मजकूर. अकराही सिनेमांची गोष्ट एकच. हॅलोविनच्या रात्री चार-पाच तरुण पोरंपोरी एका ओसाड घरात शिरतात, कपडे आणि अक्कल दोन्ही दारात काढून ठेवतात, आणि मग भुतं येतात. पैशाची ओढाताण तर प्रत्येक चौकटीत दिसते. चार सिनेमांत एकच जिना आहे. एकच सांगाडा कधी टोपी घालून येतो, कधी गळ्यात टाय बांधून. धूर सोडणाऱ्या यंत्राचं चाक खुर्चीमागून डोकावत असतं. एका सिनेमात ऐन प्रणयात रक्तपिपासू सरदाराचे सुळे गळून पडतात. तो ते गादीवरून उचलतो, पुसतो, परत बसवतो आणि पुढचं चालू ठेवतो. दुसऱ्यांदा चित्रीकरण करायची ऐपत नसणार. मी त्या जागी इतकी हसले की डोळ्यांतून पाणी आलं. मग खोलीत एकदम शांत झालं आणि माझ्या लक्षात आलं, की आज सकाळपासून माझ्या घशातून निघालेला हा पहिला आवाज.

असे दिवस मला नवीन नव्हते. ज्याच्या नोकरीपायी मी या देशात आले, तो माझा तेव्हाचा नवरा आता इथल्याच आइंडहोवन शहरात असतो. भांडणं वगैरे काही झाली नाहीत. भांडायला दोघांनी एका वेळी घरात असावं लागतं. तो गेला, फ्लॅट राहिला, मी राहिले. मराठी मंडळाच्या गणपतीला जाऊन बघितलं. तिथल्या बायका प्रेमाने वाढतात आणि वाढता वाढता "हे नाही आले?" असं विचारतात. दुसऱ्या वर्षापासून मी मोदक घरीच केले. अकरा केले, तीन खाल्ले, बाकीचे आजींना दिले. त्यांनी ते फ्रिजमध्ये ठेवून आठ दिवसांनी फार छान होते म्हणून सांगितलं.

मला मराठीतून हाक मारणारं एकच माणूस उरलं होतं: साताऱ्याला एकटे राहणारे माझे बाबा. दर रविवारी त्यांच्या दुपारी दोन वाजता मी त्यांना फोन करायचे. तो फोन आई होती तोवर तासभर चालायचा, कारण आई बोलायची आणि बाबा मागून "मीठ किती घालतेस विचार" असं काहीतरी म्हणायचे. आई गेल्यावर तो वीस मिनिटांवर आला, मग दहा. गेल्या वर्षी तीन मिनिटांत आटपत होता. पाऊस, रक्तदाब, कामवाल्या बाईंची सुट्टी, आणि मग "बरं, ठेवतो."

आमच्यात काय अडकलं होतं ते मला पक्कं ठाऊक होतं. तीन वर्षांपूर्वी जानेवारीत आईला संध्याकाळी छातीत दुखायला लागलं म्हणून दवाखान्यात नेलं. काळजीचं काही नाही असं रात्री मला कळवलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी इथल्या सातला बाबांचा फोन आला, आई गेली. मी मिळेल त्या विमानाने गेले. तेराव्यानंतर कागदपत्रं लावताना दवाखान्याच्या दाखल्यावरची वेळ बघितली: सकाळी साडेसात. मला फोन आला तेव्हा साताऱ्यात साडेअकरा वाजले होते. चार तास. मधले चार तास माझी आई जगात नव्हती आणि मला ते कोणी सांगितलं नव्हतं. त्याच्या आधी सांगितलं असतं तर कदाचित फोन तिच्या कानाशी धरता आला असता. मी विचारलं, "बाबा, लगेच का नाही कळवलंत?" ते सुपारी कातरत होते. मान वर न करता म्हणाले, "गडबडीत राहून गेलं."

राहून गेलं! दूधवाल्याला सांगायचं राहून जातं. मी त्यावर काही बोलले नाही, आणि तिथून पुढे आम्ही दोघंही महत्त्वाचं काही बोललो नाही. माझा राग मी साताऱ्याहून इथे आणला आणि जपून ठेवला. एकट्या माणसाला राग सोबतीला बरा पडतो, हे कोणी सांगत नाही.

तर ते सिनेमे. पहिले दोन मी नाक मुरडत केले. तिसऱ्यात चेटकीण आली.

चेटकीण म्हणजे साठीची एक जाडजूड बाई, काळा झगा, वर टोकदार टोपी, कमरेला मात्र साधा स्वयंपाकघरातला एप्रन. बहुतेक तिच्या घरचाच असावा. अकरापैकी सहा सिनेमांत हीच बाई आहे, आणि सगळ्या मंडळींत अभिनय म्हणून जे काही आहे ते तिच्या एकटीकडे. तिचं काम एवढंच, की पोरंपोरी रंगात आली की दार ढकलून आत यायचं, दोन्ही हात कमरेवर ठेवायचे आणि सगळ्यांना झाडायचं. इंग्रजीत ती जे बोलते ते इथे लिहिण्यासारखं नाही. मुंबईहून काम देणाऱ्या बाईंची सूचना होती: तिखट ठेवा, पण घरात चालेल असं. ज्या सिनेमात कोणाच्या अंगावर धड कपडा नाही त्यात फक्त तळाच्या दोन ओळींनी पदर सांभाळायचा होता.

मी दोन दिवस अडले. शब्दकोश उपयोगाचे नव्हते. तिसऱ्या दिवशी चेटकिणीने कमरेवर हात ठेवले आणि पलंगाखालून पोरींच्या खोलीत डोकावणाऱ्या दोन भुतांकडे बघितलं, आणि माझ्या तोंडून आपोआप निघालं, "आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं बघायचं वाकून!" आवाज माझा होता, पण ठसका आईचा.

आई साताऱ्याजवळच्या खेड्यातली. तिची माया सगळी हाताने चालायची, खायला घालणं, डोकं चोळून देणं. तोंडाने मात्र ती अखंड शिव्याशाप द्यायची. आणि आता कामाला बसल्यावर मला पहिल्यांदा कळलं, की तिच्या बोलण्यात स्मशान किती होतं. मेल्या. मुडद्या. मसणात जा. तुझं मढं बसवलं ते. हडळीसारखे केस सोडून फिरू नको. काय शिमग्याचं सोंग घेऊन आलायस. जळ्ळं मेलं लक्षण! अर्धा गाव तिने हयातीतच पोचवला होता. भुतांच्या सिनेमाला आणखी काय हवं? खऱ्याखुऱ्या मेलेल्याला "मेल्या" म्हणायची सोय मराठीशिवाय कुठे असेल असं मला वाटत नाही. टोपीवाल्या सांगाड्याला मी "अंगापेक्षा बोंगा मोठा" म्हणून घेतलं. सुळेवाल्या सरदाराला "आधी दात सांभाळ, मग बायका सांभाळ" असं ऐकवलं. हे वाक्य तिने माझ्या एका मामाला ऐकवलेलं होतं.

त्यानंतर कामाची गोडी लागली. मी टेबलाशी उभी राहून, हात कमरेवर ठेवून एकेक ओळ मोठ्याने म्हणायचे, बसते का बघायचे, मग टाइप करायचे. घरात पुन्हा आई वावरते आहे असं वाटायचं असं म्हणणार नाही. तसं काही वाटलं नाही. उलट ओळ म्हणून झाली की उत्तर यायचं नाही, आणि ते न येणं फार लागायचं. पण दुसऱ्या दिवशी मी सकाळी आठलाच पडदे ओढून बसलेली असायचे. सहाव्या सिनेमाच्या शेवटापर्यंत तिचे सगळे शब्द वापरून संपतील की काय, अशी भीती वाटायला लागली.

शेवट चेटकिणीच्या सहाही सिनेमांचा सारखाच. पोरांना कुठलातरी मंत्र सापडतो, चेटकिणीच्या पायांशी धूर यायला लागतो आणि एक किंकाळी मारून ती नाहीशी होते. किंकाळीला ओळ लागत नाही, असा आमच्या कामातला नियम. पाच वेळा मी तो पाळला. अकराव्या सिनेमात, तिच्या शेवटच्या खेपेला, माझ्याने राहवलं नाही. आईचं शेवटचं बोलणं मी ऐकलेलं नव्हतं आणि बाबांनी कधी सांगितलेलं नव्हतं. मी किंकाळीच्या खाली एक ओळ घातली: "सुखी राहा, लेकरांनो." मुंबईच्या बाईंनी ती खोडली नाही. त्यांनी बहुधा तिथपर्यंत बघितलंच नसावं.

बाबांनी एकदा विचारलं होतं, सध्या काय चाललंय? मी म्हटलं, देवमाशांवरचे माहितीपट आहेत, त्यांचं मराठी करतेय. बाबांनी छत्तीस वर्षं साताऱ्यातल्या एका छापखान्यात प्रुफं तपासली. पोथ्या, पंचांगं, शाळेची पुस्तकं, सहकारी बँकांचे अहवाल. सिनेमा हा त्यांच्या लेखी रिकामटेकड्यांचा उद्योग. त्यांना मी भोपळ्याला मिठी मारणाऱ्या नर्सबद्दल काय सांगणार होते? "देवमासे, वा," ते म्हणाले. त्या रविवारी फोन चार मिनिटं चालला.

ऑक्टोबरात सिनेमे ॲपवर आले. दिवाळी होऊन गेली. मी सज्ज्यात लावलेला आकाशकंदील बघून आजी म्हणाल्या, हॅलोविनची तयारी सुंदर केलीस. मी हो म्हटलं. समजावून सांगायला माझ्यात जोर नव्हता.

आणि ऑक्टोबरचा शेवटचा रविवार आला. या रविवारी इथली घड्याळं एक तास मागे जातात आणि इथल्या आणि साताऱ्याच्या वेळेतला फरक साडेतीन तासांचा साडेचार होतो. हे लक्षात ठेवणं आमच्याकडे आईचं खातं होतं. साताऱ्यातल्या स्वयंपाकघरात तिने खास माझं म्हणून दुसरं घड्याळ लावलं होतं, आणि कॅलेंडरवर त्या चौकटीत लिहून ठेवायची, "हॉलंड एक तास मागे." तो रविवार आला की स्टुलावर चढून काटा फिरवायची. ती गेल्यावर दोन वर्षं मी लक्षात ठेवलं. तिसऱ्या वर्षी विसरले. मोबाइलने आपलं घड्याळ आपणच मागे घेतलं, त्यावर साडेदहा वाजले तसा मी नेहमीसारखा फोन लावला. साताऱ्यात दोन वाजून गेल्याला तास झाला होता.

फोन बराच वेळ वाजला. मग बाबांचा घाईतला आवाज आला, "हॅलो? मला वाटलं आज करत नाहीस."

"नाही कसं? दोन वाजले ना?"

"इथे तीन झाले."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी घड्याळाचं काहीतरी सांगू लागले, आणि त्यांच्या मागून एक हसणं आलं. आधी घोगरं, मग वर चढत जाणारं, शेवटी खोकल्यात संपणारं. ते हसणं मी चाळीसेक वेळा ऐकलेलं होतं. तिसरा सिनेमा, जिन्यावरची चेटकीण. नंतर घुबड तीन वेळा ओरडतं. घुबड तीन वेळा ओरडलं.

"बाबा, आवाज कसला येतोय?"

"टीव्ही चालू आहे," ते म्हणाले. "कीर्तन लागलंय."

कीर्तनकारबाई पुन्हा एकदा हसल्या. मी "बरं" म्हटलं, त्यांनी "ठेवतो" म्हटलं, आणि फोन बंद झाला.

पुढचे सात दिवस मी जे भोगलं ते शत्रूवर येऊ नये. माझं नाव प्रत्येक सिनेमाच्या शेवटी मराठीत येतं. तिसऱ्या सिनेमात त्या घुबडानंतर काय आहे, ते मला चौकटीगणिक पाठ होतं, आणि ते माझ्या बाबांनी पंख्याखाली आरामखुर्चीत बसून बघितलं होतं. लाज वाटली. मग राग आला, चोरून बघितलंत ते बघितलंत आणि वर कीर्तन म्हणता? मग पुन्हा लाज. कधी वाटायचं, ते आता फोनच उचलणार नाहीत. रागावलेली असले तरी तो तीन मिनिटांचा फोन सोडून माझ्याकडे दुसरं काही नव्हतं, हे त्या आठवड्यात मला अगदी स्वच्छ दिसलं. मी त्यांना गमावलं तर मला "अगं" म्हणणारं या जगात कोणी उरणार नव्हतं.

हॅलोविनच्या दिवशी, सोंगं घेऊन दारोदार खाऊ मागत फिरणाऱ्या पोरांसाठी, मी मोठ्या वाडग्यात चॉकलेटं काढून दाराशी ठेवली. खालच्या मजल्यांवर पोरांचा गलका ऐकू येत होता. चौथ्या मजल्यापर्यंत कोणी चढलं नाही. सहा वाजता मी त्यातलं एक खाल्लं, मग आणखी एक, आणि वाडगं उचलून आत आणलं.

रविवारी मी बरोबर साडेनऊला फोन लावला. पहिल्या रिंगलाच उचलला गेला.

"लिहून घे," बाबा म्हणाले. हॅलो नाही, काही नाही. कागदांचा आवाज आला. "पहिला सिनेमा, चौदावं मिनिट, 'कडे' दोनदा आलंय, एक काढ. दुसरा, एकतिसावं मिनिट, वाक्य फार लवकर जातं, माझ्यासारख्याचं वाचून होत नाही. तिसरा…"

"बाबा," मी म्हटलं. "मी तुम्हाला खोटं सांगितलं. देवमाशांचं."

"माहीत आहे. देवमासेच बघायचे म्हणून टीव्हीवर तुझं नाव टाकलं होतं. अकरा आले. एकातही मासा नव्हता."

"सगळे बघितलेत?"

"बघितले."

"अहो पण ते… त्यात काय काय आहे…"

"मी वर बघत नाही," बाबा शांतपणे म्हणाले. "खाली बघतो. जन्मभर तेच केलंय. चित्राकडे बघायची मला सवय नाही."

ते पुढे म्हणाले, "पहिले दोन बघून सोडून देणार होतो. तिसऱ्यात नवव्या मिनिटाला ओळ आली, आपलं ठेवायचं झाकून. मी बंद केलं. उठलो, पाणी प्यायलो. मग मागे नेलं आणि परत लावलं. ते सहाच्या सहा दोनदा झालेत माझे बघून. दुपारी झोप येत नाही."

माझ्या हातातला फोन ओला झाला होता. बाबा कागद चाळत होते. "सातव्यात एक मोठी चूक आहे. ती त्या भाड्याने राहायला आलेल्या पोराला मेल्या म्हणते. परक्याच्या पोराला ती मेल्या कधी म्हणाली नाही. मेल्या घरच्याला. परक्याला शहाण्या म्हणायची. 'शहाणाच आहेस' असं. आठवतं का?"

आठवलं. गॅसची टाकी आणणारा माणूस आठवला, पोस्टमन आठवला. शहाणाच आहेस, पाणी पिऊन जा. मी म्हटलं, "बरोबर आहे. चुकलं."

"बाकी ठीक आहे," बाबा म्हणाले. छापखान्यात ते ज्या पानावर असं म्हणायचे ते पान थेट छपाईला जायचं, हे मला लहानपणापासून माहीत होतं. मग आवाज जरा उतरवून त्यांनी विचारलं, "शेवटी काय होतं गं तिचं?"

"म्हणजे? तुम्ही दोनदा बघितलेत ना?"

"शेवट नाही बघत मी. पायांशी धूर यायला लागला की बंद करतो."

मी सांगितलं, की काही होत नाही, नुसती किंकाळी मारते आणि धुरात जाते. खोटा धूर आहे, यंत्राचा. चाकसुद्धा दिसतं. मग सांगून टाकलं, की अकराव्यात मात्र मी पदरची एक ओळ घातली आहे.

"काय घातलंस?"

"सुखी राहा, लेकरांनो."

पलीकडे बाबा हसले. आई गेल्यापासून मी त्यांना हसताना ऐकलं नव्हतं. "असलं ती कधी बोलली होती का?" ते म्हणाले. "हे तिचं नाही. काढ ते."

आणि माझा इतक्या दिवसांचा राग फुटला. "मला काय माहीत ती काय बोलली? मी कुठे होते? तुम्ही होतात! साडेसातला गेली आणि साडेअकराला फोन केलात मला. चार तास, बाबा. आणि वर म्हणालात गडबडीत राहून गेलं. मला कशाला माहीत असेल तिचं शेवटचं काय होतं ते!"

आजी खिडकीवरून कुत्रा घेऊन जात होत्या. मला रडताना बघून त्यांनी उचललेला हात खाली घेतला आणि हळूच पुढे गेल्या.

पलीकडे आरामखुर्ची करकरली.

"साडेसहा झाले असतील सकाळचे," ते म्हणाले. "तिचा श्वास बरा वाटेना. मी मोबाइल काढला. तर म्हणाली, 'कोणाला लावताय?' म्हटलं, पोरीला. म्हणाली, 'तिकडे रात्रीचे दोन वाजलेत. झोपलीय ती. आत्ता उठवलंत तर भूत होऊन मानगुटीवर बसेन, सांगून ठेवते.'"

मी फोन कानाशी घट्ट धरला.

"त्यानंतर काही बोलली नाही. साडेसातला गेली. मी हिशेब केला, तुझे तीन वाजले होते. तुझे सात वाजेपर्यंत मी तिथे बाकावर बसून राहिलो. फोन हातातच होता."

"मग मला सांगितलं का नाहीत हे? तीन वर्षं, बाबा."

"तिच्यावर ढकलल्यासारखं झालं असतं. गेलेल्या माणसावर कुठे ढकलायचं?"

त्यांच्याकडे पंखा फिरत होता, त्याचा आवाज येत होता. इकडे मी टेबलावर डोकं टेकवून बसले होते. पडदे उघडे होते, कोणी बघितलं तरी मला काही वाटत नव्हतं. फोन कोणीच ठेवला नाही. मग बाबा स्वतःशीच बोलल्यासारखे बोलले.

"चुकलं माझं. उठवायला हवं होतं तुला. निदान मानगुटीवर येऊन बसली तरी असती."